जुन्या मॅटाडोरचे इंजिन बांधताना



या व्यासपीठावर वक्ते येतात ते हातात पुस्तके घेऊन. मी खिशात फीलर गेज घेऊन आलो आहे. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो आणि ते खिशातच ठेवतो. विषयाबद्दल मात्र क्षमा मागणार नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याला खडकीत निघाली, आणि तेव्हापासून विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची टुकटुक ऐकत आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. तेव्हा इंजिन हा आपल्याला परका विषय नव्हे. फक्त त्याच्या पोटात काय चालते, हे आपण ते बंद पडेपर्यंत विचारीत नाही एवढेच.

आपल्या कारागिरांच्या बोलीत दोन शब्द आहेत. इंजिन ‘दुरुस्त करतात’ आणि इंजिन ‘बांधतात’. दुरुस्त करणे म्हणजे जे मोडले ते बदलणे. बांधणे म्हणजे इंजिन पूर्ण सोडून, शेवटचा नट मोकळा करून, प्रत्येक भागाला ‘तू अजून मापात आहेस काय?’ असे विचारणे आणि ज्याचे उत्तर ‘होय’ येईल त्यालाच परत आत घेणे. घर बांधतात, मोट बांधतात, तसेच इंजिन बांधतात. हा शब्द कोणी कोशकाराने दिलेला नाही. तो ग्रीस लागलेल्या हातांनी घडवलेला आहे आणि मला तो अतिशय चपखल वाटतो.

आता मॅटाडोर. तरुण मंडळींसाठी चार शब्द सांगतो. १९५८ साली निघालेल्या बजाज टेम्पो कंपनीने पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा केला, आणि १९६९ मध्ये मूळच्या जर्मन घडणीची ही व्हॅन रस्त्यावर आणली. लग्नाचे वऱ्हाड, शाळेची मुले, दुधाचे कॅन, बँडवाल्यांचे ढोल, गणपतीच्या मूर्ती, काय काय तिने वाहिले नाही! ‘मॅटाडोर करून गेलो’ असे लोक म्हणत, आणि प्रत्यक्षात गाडी भलत्याच कंपनीची असे. एखाद्या गाडीचे नाव सामान्यनाम होणे, याहून मोठी पदवी तिला कोणी देऊ शकत नाही. १९८० नंतरच्या दशकात कंपनीने डाइम्लर-बेंझशी करार करून त्यांचे ओ.एम. ६१६ हे डिझेल इंजिन येथे बनवावयास घेतले आणि ते मॅटाडोरच्या पोटात गेले. कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झाले. मॅटाडोरचे उत्पादन केव्हाच थांबले. पण तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, एखादी अजून उभी असते आणि पहाटे खाकरून चालू होते.

अशी गाडी घेऊन मालक येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “इंजिन बांधायचेच आहे, तर ताकद किती वाढवून द्याल?” माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो: “वाढलेली उष्णता जाणार कुठे?” मालकाला वाटते, हा टाळाटाळ करतो आहे. परंतु डिझेल इंजिनाच्या सुधारणेचा सारा प्रश्न या एका प्रश्नात आहे, आणि आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्याचेच उत्तर आहे.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो, हे आपण सर्वांनी हाताने अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ही गोष्ट टोकाला नेली. १८९७ च्या फेब्रुवारीत ऑग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली, आणि इंधनातील उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून थोडा अधिक भाग कामात उतरलेला दिसला. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता. ओ.एम. ६१६ मध्ये एकवीस भाग हवा दाबून एका भागात कोंबली जाते. त्यामुळे ती पाचशे अंश सेल्सियसच्या पलीकडे तापते. अशा हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही.

फवारा म्हणजे तरी किती? इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत पूर्ण ओझे ओढत असेल, तर एका वेळी सुमारे ४० घन मिलिमीटर डिझेल. डोळ्यांत घालावयाच्या औषधाचा एक थेंबही साधारण एवढाच असतो. आणि असा थेंब प्रत्येक सिलिंडरला दर सेकंदाला वीस वेळा, तेवढ्याच मापाचा आणि ठरलेल्या क्षणी मिळावा लागतो. आपल्या गल्लीतली एखादी सोनाराची तराजू इतके इमान राखील की नाही, मला शंका आहे.

या इंजिनाचे एक वैशिष्ट्य असे की फवारा थेट पिस्टनवर पडत नाही. हेडमध्ये वाटाण्याच्या शेंगेएवढी एक कोठडी असते, तिच्यात तो पडतो. ज्वलन तेथे सुरू होते आणि जळते वायू बारीक छिद्रांतून मोठ्या जागेत झेपावतात. प्रॉस्पर लोरांज या बेंझ कंपनीतील अभियंत्याने १९०९ मध्ये या पूर्वकक्षाचे पेटंट घेतले. त्यामुळे इंजिन कमी आदळते, आवाज मऊ येतो, हलक्या-भारी डिझेलवर कुरकुर करीत नाही. पण कोठडीच्या भिंतींना जास्त उष्णता लागते आणि ती पाण्यात जाते. म्हणजे हे इंजिन स्वभावाने सोशिक, पण अंगाने गरम. ढोबळ मानाने सांगावयाचे, तर डिझेलच्या शंभर भाग उष्णतेपैकी तिसऱ्या भागाहून थोडे कमी चाकाकडे जाते. बाकीची धुराड्यातून, पाण्यातून आणि तेलातून बाहेर पडावी लागते. ती बाहेर पडली नाही तर कोठे जाईल? पिस्टनात, हेडमध्ये आणि गॅस्केटमध्ये. म्हणून माझा तो प्रश्न.

आता थोडे गणित करू. घाबरू नका, चौथीच्या मुलाला जमेल असे आहे. भरलेली व्हॅन अडीच हजार किलोंची धरा. घाटाचा चढ बारास एक, म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. गाडी ताशी २५ किलोमीटर चालली तर सेकंदाला सुमारे सात मीटर पुढे जाते, म्हणजेच सेकंदाला सुमारे ५८ सेंटिमीटर उंची चढते. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. भागाकार केला की उत्तर येते १९ अश्वशक्ती. त्यात टायरांचे घर्षण आणि गिअरमधली घट मिळवा, तरी आकडा २५ च्या फार पुढे जात नाही. ताशी ४० ने चढावयाचे म्हटले तर चाळीसच्या आसपास. आणि या इंजिनाच्या मूळ जर्मन आवृत्तीची कमाल शक्ती होती ६५ अश्वशक्ती. मिनिटाला २४०० फेऱ्यांवरसुद्धा ते पंचेचाळीसच्या वर देत असे.

याचा अर्थ काय? घाटात दम टाकणाऱ्या मॅटाडोरला बहुतेक वेळा नवी ताकद नको असते. तिची स्वतःची हरवलेली ताकद शोधून द्यावयाची असते. कारखान्यातून निघताना तिच्याकडे होते ते घोडे कोठे गेले, याचा आधी तपास करावा. नवे घोडे विकत घेण्याची गोष्ट मागाहून.

असा तपास कसा होतो, त्याचे एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे एक आचारी मालक मॅटाडोर घेऊन आले. पातेली, शेगड्या, आठ माणसे असा संसार घेऊन ते कोल्हापुराकडून गगनबावड्यामार्गे कोकणात लग्नकार्याला जात. जाताना उतार, त्यामुळे तक्रार नाही. येताना करूळ घाटात अर्ध्यावर पाणी उकळे. मग रात्री दोन वाजता आचारी, वाढपी आणि पातेली रस्त्याच्या कडेला. दोन-तीनदा तर दुसऱ्या दिवशीचे कार्य हातचे गेले. आता ज्याच्याकडे मांडव घातलेला आहे आणि आचारीच पोहोचलेला नाही, त्या घरची अवस्था येथे बसलेल्या भगिनींना मी सांगावयास नको. मालकांच्या मुलाने ठरवले होते की टर्बो बसवावयाचा. पैसेही उसने काढून ठेवले होते.

गाडी आमच्याकडे येण्यापूर्वी दोन ठिकाणी जाऊन आली होती. एका ठिकाणी ‘पिकअप’ वाढवण्यासाठी पंपाचा कमाल डिझेलचा स्क्रू सील तोडून फिरवला होता. दुसऱ्या ठिकाणी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला होता. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे इतक्या सर्रास होतात की त्यांवर थोडे थांबणे भाग आहे.

पंपाचा स्क्रू फिरवला की डिझेल जास्त जाते, हे खरे. पण हवा तेवढीच राहते. जादा डिझेलला जळावयास हवा पुरत नाही. ते अर्धवट, उशिरा जळते आणि काळा धूर होऊन बाहेर पडते. पहिल्या दिवशी गाडी थोडी हुशार वाटते, नाही असे नाही. परंतु उशिरा जळणारी ज्वाला पिस्टन खाली जात असतानाही जळत राहते, भिंती तापवते, एक्झॉस्ट झडपा तापवते. मालकाला मिळते थोडी ताकद आणि पुष्कळ उष्णता. त्यातून घाटमाथ्यावर हवा विरळ. महाबळेश्वराच्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने दहा-बारा टक्क्यांनी पातळ असते, म्हणजे डिझेल तितकेच आणि हवा आणखी कमी.

थर्मोस्टॅटची गोष्ट त्याहून गमतीची आहे. लोकांना वाटते, ही झडप पाण्याची वाट अडवते. ती काढली की पाणी मोकळे फिरेल आणि इंजिन थंड राहील. पण या जातीच्या इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामे करतो. इंजिन तापले की तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बगलेची आखूड वाट बंद करतो. तो काढून टाकला की आखूड वाट कायम उघडी राहते आणि पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात येतो. सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा थंड, त्यामुळे सिलिंडरची झीज. आणि घाटात, जेथे खरी गरज, तेथे उकळी. मूळ इंजिन रेखाटणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांनी दिलेला भाग काढून टाकावयाचा असेल, तर तो तेथे का बसवला होता हे आधी सांगता आले पाहिजे.

आम्ही प्रथम दाबाची मोजणी केली. या इंजिनाचा धडधाकट सिलिंडर २४ ते ३० बार दाब दाखवतो. पंधराच्या खाली गेला तर काम काढलेच पाहिजे, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत तीन बारहून जास्त तफावत नसावी. या गाडीचा तिसरा सिलिंडर मरणपंथाला लागला होता आणि इतर तिघे त्याचे ओझे वाहत होते. मग हेड उचलले. तिसऱ्या पिस्टनच्या माथ्याला उंदराने भाकरी कुरतडावी तशी कड खाल्लेली होती.

आता सिलिंडरच्या झिजेचा स्वभाव पाहा. ती सर्व ठिकाणी सारखी होत नाही. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो व परततो, त्या ठिकाणी तेल कमी, दाब आणि उष्णता सर्वांत जास्त. म्हणून वरच्या रिंगेच्या जागी भिंत अधिक खाल्ली जाते. शिवाय पिस्टन एका बाजूला रेलतो, त्यामुळे गोल भोक हळूहळू अंडाकृती होते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. आपल्या डोक्याचा केस साधारण मिलिमीटरच्या सात शतांशांइतका जाड असतो. त्याच्या आसपासची झीज झाली की तेल वर चढू लागते आणि वायू खाली गळू लागतात. म्हणून सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा लागतो. ‘हात फिरवून सांगतो, बोअर चांगला आहे’ असे म्हणणाऱ्या कारागिरापासून सावध राहा. हात अनुभवी असेल, पण केसाची जाडी हाताला कळत नाही.

अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणे म्हणजे अंडाकृती डब्याला गोल झाकण बसवणे. कमी पैशांत होते म्हणून लोक करतात, आणि सहा महिन्यांत परत येतात. बोअर मोठा करून त्याच्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन घालावेत. तेवढी धातू उरली नसेल तर नवी स्लीव्ह बसवावी. आणि बोअर झाल्यावर भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवावयाची नाही. घरातले जाते फार गुळगुळीत झाले की पीठ निघेनासे होते, मग त्याला टाकी लावून घेतात. तसेच येथेही होनिंगच्या दगडांनी एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा ओढतात. त्या रेषांत तेल टिकते आणि नव्या रिंगा त्यांवर घासून आपली बैठक जमवतात.

क्रँकशाफ्टबद्दल एकच सांगतो. बेअरिंगच्या जागा झिजल्या असतील तर त्या घासून पाव मिलिमीटरने लहान करतात आणि त्या मापाची बेअरिंगे घालतात. हे काम करताना जर्नलच्या दोन्ही कडांना असलेली गोलाई राखली गेली पाहिजे. घाईत घासणारा माणूस कोपरा काटकोनी करून ठेवतो. दिसावयास ते काम अधिक रेखीव दिसते आणि क्रँक तेथेच तुटतो. बेअरिंगच्या टोप्याही आपापल्याच जागी आणि आपापल्याच दिशेने बसल्या पाहिजेत. त्या ज्या जागी यंत्रावर कापल्या गेल्या त्याच जागी त्या गोल असतात, दुसरीकडे नाही.

हेडमध्ये दोन झडपांच्या मधल्या अरुंद पट्टीला तडा आहे का, हे पाहावे. कोठड्या तपासाव्यात. टायमिंग चेन हा या इंजिनाचा लपलेला चोर. ती तुटत नाही, लांबते. चेन लांबली की वरचा कॅमशाफ्ट आणि पंप दोघेही मागे पडतात. फवारा ठरलेल्या वेळेनंतर येतो. मूळ नियम असा की पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वी क्रँकच्या २४ अंशांवर पंपाने डिझेल ढकलावयास सुरुवात करावी. चार-पाच अंशांचा उशीर म्हणजे पुन्हा तीच उशिरा जळणारी ज्वाला. आचारी मालकांच्या गाडीत चेन लांबलेली होती, पंपात डिझेल जास्त होते आणि पाणी बगलेने पळत होते. तिघे चोर एकाच घरात शिरलेले, आणि मुलगा म्हणत होता, टर्बो बसवा!

पंप आणि नोझल आम्ही कधीच आमच्या बाकावर उघडत नाही. पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांमधली फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांची असते. हे काम चाचणीच्या यंत्रावर, स्वच्छ खोलीत, चारही सिलिंडरांना सारखे डिझेल मिळते की नाही हे मोजून करावयाचे. नोझल ११५ ते १२५ बारवर उघडावीत आणि चारही जवळजवळ सारख्या दाबावर. एकंदर खर्चातला मोठा वाटा येथे जातो, आणि नेमका येथेच मालक काटकसर सुचवतात.

आता टर्बोकडे येतो, कारण तरुण श्रोते त्याचीच वाट पाहत असावेत. कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराने एक चाक फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने जास्त हवा इंजिनात कोंबावयाची. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते. याहून सुंदर युक्ती यंत्रशास्त्रात थोड्या असतील. आणि मॅटाडोरच्या इंजिनाच्या थोरल्या भावाने या युक्तीने जगाला चकितही केले आहे. ओ.एम. ६१७ हे त्याच घराण्यातले पाच सिलिंडरांचे, तीन लिटरांचे इंजिन. १९७८ च्या एप्रिलमध्ये इटलीतील नार्दोच्या वर्तुळाकार मार्गावर ते टर्बोसह सी १११ या प्रायोगिक गाडीत बसवले गेले. त्याने २३० अश्वशक्ती दिली आणि गाडी ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने तासन् तास धावली. ही गोष्ट ऐकली की प्रत्येक मॅटाडोरवाल्याचे डोळे चमकतात.

पण पुढचे ऐका. मर्सिडीझने त्याच सुमारास टर्बो लावलेले ते इंजिन विक्रीच्या मोटारीत घातले, तेव्हा नुसता टर्बो जोडून ते मोकळे झाले नाहीत. पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची धार मारणाऱ्या नळ्या बसवल्या. एक्झॉस्ट झडपा पोकळ करून त्यांत सोडियम भरले. ते वितळून आत हिंदकळते आणि झडपेच्या माथ्याची उष्णता दांड्याकडे नेते. क्रँक कणखर केला, तेलाचा पंप मोठा केला, तेल थंड करण्याची सोय केली, नोझलचा दाब वाढवला. हे सर्व पाहिले की माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या कारखान्यानेच देऊन ठेवले आहे असे दिसते. त्यांनी ताकद वाढवण्याआधी उष्णतेला वाट काढून दिली.

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि पिस्टनची मिश्रधातू त्याच्या बरीच आधी मऊ पडते. आणि एक्झॉस्टचे वायू सातशेच्या घरात सहज जातात. पिस्टन टिकतो तो केवळ त्याच्या अंगातून रिंगा व तेल सतत उष्णता काढून नेतात म्हणून. ज्या इंजिनात तेलाच्या धारा नाहीत, त्यात जुनाट टर्बो लावून डिझेलचा स्क्रू सोडणे म्हणजे रिकाम्या पातेल्याखाली शेगडी पेटवणे. ज्यांना टर्बो बसवावयाचाच असेल त्यांनी दाब अर्ध्या बारच्या आत ठेवावा, एक्झॉस्टच्या तोंडाशी तापमापक बसवावा आणि काटा सातशेकडे निघाला की पाय उचलावा. तापमापकाशिवाय टर्बो बसवणाऱ्याला मी साफ नकार देतो.

आणि एक गोष्ट मेकॅनिक सांगत नाहीत. ताकद वाढली की वेग वाढतो, वेग वाढला की ब्रेकवरचे ओझे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० चे ६० झाले, तर थांबवावयाची ऊर्जा सव्वादोन पट होते. आठ माणसे घेऊन करूळ घाट उतरणाऱ्या गाडीत हा हिशेब आधी झाला पाहिजे.

आचारी मालकांच्या गाडीला आम्ही टर्बो बसवला नाही. सुधारणा केल्या त्या अशा. रेडिएटरचा गाभा नवा, जादा एका रांगेचा घातला. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे, जे कोणीतरी अडथळा म्हणून काढले होते, ते परत बनवून बसवले, कारण त्याच्याविना पंखा त्याच त्या हवेला घुसळत बसतो. थर्मोस्टॅट परत आला. तेलासाठी लहानसा कूलर जोडला. जुन्या मांडणीत ग्लो प्लग एकामागोमाग एक ओवलेले असतात. एक जळला की माळेतला दिवा गेल्याप्रमाणे चौघेही थंड पडतात. त्याऐवजी पेन्सिलच्या आकाराचे, स्वतंत्र तारेवरचे प्लग घातले, म्हणजे पहाटे गाडी पांढरा धूर ओकत दहा मिनिटे खोकत नाही. हवेची गाळणी आणि तिच्या नळीची प्रत्येक जोडणी नवी केली. हे इंजिन रस्त्यावर मिनिटाला दोन-अडीच हजार लिटर हवा गिळते. नळीला एक चीर असली तर तेवढ्या हवेतली धूळ नव्या बोअरला पॉलिशच्या कागदासारखी घासते. सर्वांत शेवटी पंपाचा तो स्क्रू कारखान्याच्या मापावर आणून पुन्हा सील केला.

मुलाचा चेहरा पडला होता. “म्हणजे ताकद काहीच वाढवली नाही?” असे त्याने विचारले. भरलेली गाडी घेऊन तो करूळ घाट चढून आला, तेव्हा काटा ऐंशीच्या थोडा वर जाऊन थांबला होता आणि आरशात धूर दिसत नव्हता. टर्बोसाठी काढलेल्या पैशांतून उरलेले त्याने ब्रेकच्या कामावर लावले, ते त्याने स्वतः होऊन केले.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनात मनास येईल तो फेरबदल करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल चालणार नाही असे स्पष्ट केले. भंगारातून वेगळे इंजिन आणून बसवणे म्हणजे नोंदणी कार्यालयाशी गाठ. आपले स्वतःचे इंजिन बांधून घेतले, तर ठोकळ्यावरचा क्रमांक तोच राहतो. हा बांधण्याचा एक फायदाच म्हणावयाचा.

परंतु येथे एक बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसात कर्करोग उत्पन्न करणारा आहे असे जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ लागू झाले. त्या गाड्यांत धूर गाळणारी यंत्रणा असते. आमचे कितीही मापात बांधलेले जुने इंजिन त्यांच्या पंक्तीला बसू शकत नाही. काळा धूर जातो, तेल जळण्याचा निळा धूर जातो. पण धूर शून्य होत नाही. जी गाडी रोज शहराच्या चौकात दिवसभर उभी राहून धडधडणार आहे, शाळेच्या दारात मुलांची वाट पाहणार आहे, तिच्या मालकाला मी इंजिन बांधण्याचा सल्ला देत नाही. महिन्यातून दहा-बारा खेपा मोकळ्या रस्त्याने करणाऱ्या आचाऱ्याची गोष्ट मला वेगळी वाटते. काहींना हा भेद पटणार नाही, आणि त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. ज्या गाडीची चॅसिस आणि पत्रा गंजाने खाल्ला आहे, तिच्याबद्दल मात्र वादच नको. चाळणीत दूध ओतून काय करावयाचे?

आता बांधलेल्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर, आणि मग मी थांबतो. पुष्कळ लोक नवे इंजिन कौतुकाने दारात उभे करून तासभर सुरू ठेवतात. ते करू नये. ओझ्याविना फिरणाऱ्या इंजिनात रिंगांवर दाब पडत नाही. त्या भिंतीवर बैठक जमवण्याऐवजी नुसत्या घसरतात आणि होनिंगच्या रेषांवर तेलाचा काचेसारखा थर चढतो. मग जन्मभर ते इंजिन तेल पिते. पहिल्या दिवसापासून गाडी रस्त्यावर काढावी, मध्यम ओझे द्यावे, वेग बदलता ठेवावा, पण ॲक्सिलरेटर तळाला टेकवू नये. पाचशे किलोमीटरांवर तेल आणि गाळणी बदलावी. जुने तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून त्यात धातूची चमक दिसते का ते पाहावे. हजारावर झडपांच्या फटी पुन्हा मोजाव्यात, थंड इंजिनात, इनटेकला एक दशांश मिलिमीटर आणि एक्झॉस्टला तीन दशांश. त्यासाठीच हे फीलर गेज. ज्यांना ते हातात घेऊन पाहावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे. फक्त पाती पुसून परत द्यावीत, ती लवकर गंजतात.